दैव हे पाचवे कारण

कामावर असताना माणूस मेला किंवा कायमचा जायबंदी झाला, तर ते कशामुळे झाले हा प्रश्न अभियंत्याचा आहे, तसाच तत्त्वज्ञानाचाही आहे. अभियंता कारण शोधतो. तत्त्वज्ञानाला पडणारे प्रश्न वेगळे: कारण म्हणून काय धरायचे, कारणांची साखळी कुठे थांबवायची आणि ती थांबते तिथे जो उभा असेल त्यालाच जबाबदार म्हणायचे का? पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात रोजच्या बोलण्यात याची दोन ठरीव उत्तरे ऐकू येतात. घरचे आणि गावचे लोक म्हणतात, त्याचे नशीब. कंपनीचे किंवा ठेकेदाराचे लोक म्हणतात, त्याची चूक. पहिले उत्तर श्रद्धेचे वाटते, दुसरे व्यवहाराचे. पण दोन्हींचा परिणाम एकच होतो. चौकशी मेलेल्या माणसापाशी येऊन थांबते.

पहिले उत्तर या भागात इतके सहज तोंडी येते याला कारण आहे. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, मग भोसरी, आकुर्डी, चिंचवड आणि पुढे चाकण अशी कारखान्यांची रांग लागली. पण त्याआधी कित्येक शतके हा मुलूख देहू, आळंदी आणि मोरया गोसावींच्या चिंचवडचा होता. तळवड्याच्या कारखान्यांची हद्द देहूला भिडते. आळंदीवरून चाकणला कामावर जाणारे हजारो आहेत. आषाढी वारीत तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्काम करते, तेव्हा पाळी सुटलेले कामगार तिथेच दर्शनाच्या रांगेत असतात. संचित, प्रारब्ध, क्रियमाण ही त्रयी इथल्या माणसाला पोथीपेक्षा कीर्तनातून ठाऊक असते. पूर्वकर्मांचा साठा ते संचित, त्यातले फळाला आलेले ते प्रारब्ध आणि आत्ता हातून घडते आहे ते क्रियमाण. कीर्तनकार तिन्ही सांगतो आणि भर बहुधा तिसऱ्यावर देतो. अपघातानंतर मात्र मधलेच तेवढे उरते.

वीजवाहिनीवरचे काम हे या प्रश्नाचे सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे, कारण तिथे माणूस आणि मृत्यू यांच्यामध्ये यंत्र कमी आणि शिस्त जास्त असते. महावितरण आपल्या तंत्रज्ञाला ‘जनमित्र’ म्हणते. लोक अजून लाइनमन किंवा वायरमनच म्हणतात. या पट्ट्यातल्या उच्चदाब वाहिन्या पुष्कळ ठिकाणी २२ हजार व्होल्टच्या आहेत. खांबावर चढण्यापूर्वी उपकेंद्रातून परमिट घ्यायचे, फीडर बंद करवायचा, एबी स्विच उघडून तो खरोखर उघडला हे डोळ्यांनी पाहायचे, त्याला कुलूप घालून फलक लावायचा, तारेत दाब नाही याची टेस्टरने खात्री करायची, मग डिस्चार्ज रॉडने तिन्ही तारा जमिनीशी जोडायच्या आणि त्यानंतरच तारेला हात लावायचा, अशी रीत आहे. शेवटची पायरी नवख्याला अनाठायी वाटते, कारण वाहिनी तर बंदच असते. पण बंद वाहिनीतही वीज येऊ शकते. एखाद्या कारखान्यात चेंजओव्हर धड नसताना जनरेटर सुरू होऊन वीज उलटी येते (बॅक फीड), वरून जाणारी दुसरी तार तुटून खाली टेकते, किंवा उपकेंद्रातला पाळीवर आलेला नवा माणूस परमिट परत आले असे समजून वाहिनी चार्ज करतो. तारा जमिनीशी जोडलेल्या असतील तर तो प्रवाह जमिनीत जातो. नसतील तर माणसातून जातो. हृदयाची लय बिघडवायला सुमारे १०० मिलिअँपिअर पुरतात. जुना ६० वॅटचा बल्ब याच्या दुपटीहून अधिक प्रवाह घेत असे.

या पायऱ्यांपैकी एखादी गळते ती सहसा मस्तीमुळे नव्हे. रॉड एकच असतो आणि तो दुसऱ्या गटाच्या गाडीत गेलेला असतो. पावसात अख्खा भाग अंधारात असतो, फोन थांबत नाहीत, वरून विचारणा होत असते. परमिट मोबाइलवर तोंडी घेतलेले असते. खांबावरचा मुलगा ठेकेदाराकडचा असतो; उद्या कामावर ठेवतील की नाही याची त्याला खात्री नसते, म्हणून ‘रॉड आल्याशिवाय चढत नाही’ हे वाक्य त्याच्या तोंडून निघत नाही. कारखान्यांतल्या पॉवर प्रेसवरही हेच होते. बोटे आत असताना प्रेस खाली येऊ नये म्हणून दोन हातांनी दाबायची बटणे किंवा सेन्सर असतात. नगांची संख्या वाढवायची म्हणून ते बायपास केले जातात आणि एक दिवस बोटे जातात. चिंचवडच्या मोहननगरच्या विमा रुग्णालयात आणि आसपासच्या खासगी दवाखान्यांत अशा हातांची ओळख जुनी आहे.

आता हे सगळे डोळ्यांसमोर ठेवून भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायाकडे गेले तर एक अनपेक्षित गोष्ट हाती लागते. चौदाव्या श्लोकात कोणत्याही कर्माच्या सिद्धीला पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे, नाना प्रकारच्या चेष्टा म्हणजे हालचाली आणि पाचवे दैव. पुढचा श्लोक म्हणतो की शरीराने, वाणीने वा मनाने माणूस जे काही करतो, ते योग्य असो वा अयोग्य, त्याला हीच पाच कारणे असतात. सोळावा श्लोक त्याहून कठोर आहे. असे असताना जो एकट्या आत्म्यालाच कर्ता मानतो, त्याची बुद्धी संस्कारलेली नाही आणि त्याला दिसत नाही, असा त्याचा आशय आहे. शंकराचार्य अधिष्ठानाचा अर्थ शरीर असा करतात आणि दैव म्हणजे इंद्रियांच्या अधिष्ठात्री देवता असे सांगतात. ज्ञानेश्वरीही साधारण याच वाटेने जाते. रामानुजाचार्यांना पाचव्या कारणात अंतर्यामी परमात्मा दिसतो. टिळकांनी ‘गीतारहस्या’त अर्थ पुष्कळ मोकळा केला. अधिष्ठान म्हणजे स्थान, करणे म्हणजे साधने आणि दैव म्हणजे माणसाच्या प्रयत्नाबाहेर आपापल्या गतीने चाललेले, त्याला ठाऊक असलेले वा नसलेले सृष्टीचे व्यापार. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला आणि १९१५ मध्ये छापला गेलेला हा अर्थ कारखान्याच्या दारापर्यंत सहज येतो.

गीतेला अपघाताची चौकशी शिकवायची नव्हती, हे उघड आहे. ‘मी केले’ हा अहंकार सुटावा यासाठी ती मांडणी आहे. पण विधान कर्ममात्राबद्दल आहे, आणि खांबावरची चूक हेही कर्मच. मग अधिष्ठान म्हणजे तो खांब, त्याच्या अंगाला घासून गेलेली दुसरी वाहिनी, कुलूप नसलेली डीपी, खाली साचलेले पाणी. कर्ता म्हणजे चढलेला माणूस. करणे म्हणजे सुरक्षेचा झुला, हातमोजे, हेल्मेट, टेस्टर, आलेला किंवा न आलेला रॉड. चेष्टांमध्ये उपकेंद्रातल्या ऑपरेटरची, परमिट देणाऱ्या अभियंत्याची, निविदा सर्वांत कमी दराला देणाऱ्या अधिकाऱ्याची, सोळा तास जागे राहिलेल्या साथीदाराची, अशी प्रत्येकाची हालचाल आली. या चारांचा हिशेब पुरा झाल्यावर जे उरेल ते दैव. क्रमाला इतका अर्थ देऊ नये, तो छंदाच्या सोयीचा असेल, असे कोणी म्हणेल. ठीक आहे. पण पाचव्याचे नाव घेऊन पहिली चार खोडता येत नाहीत, एवढे तर श्लोकात निर्विवाद आहे. आणि ‘त्याची चूक’ म्हणणारा साहेब एकट्या कर्त्यावर बोट ठेवतो, तेव्हा तो सोळाव्या श्लोकाने नावे ठेवलेल्या माणसाच्या रांगेत जाऊन बसतो.

दैवाचा वाटा खरोखर किती, हे पाहायला फेब्रुवारी २०२२ मधली एक पहाट उपयोगी आहे. लोणीकंद आणि चाकणच्या ४०० केव्ही अतिउच्चदाब वाहिन्या एकामागून एक बंद पडल्या आणि पुण्याचा, पिंपरी-चिंचवडचा मोठा भाग काही काळ अंधारात गेला. कारण सांगितले गेले दाट धुके आणि दव. धुके कोणाच्या हातात नसते, म्हणून ते दैवाच्या रकान्यात पडायला हवे. पण इन्सुलेटरचे शास्त्र सांगते की चिनीमातीचा स्वच्छ इन्सुलेटर नुसत्या दवाने सहसा हार मानत नाही. त्यावर बसलेली धूळ, धूर आणि क्षार दवात भिजले की वाहक थर तयार होतो आणि त्या थरावरून ठिणगी पळते. हा थर औद्योगिक पट्ट्यात लवकर साचतो. म्हणूनच इन्सुलेटर धुण्याच्या आणि बदलण्याच्या पाळ्या ठरवलेल्या असतात. म्हणजे दव हे दैव, पण दवाखालचा मळ हा माणसाचा. योगवासिष्ठाच्या मुमुक्षुव्यवहार प्रकरणात वसिष्ठ रामाला सांगतात की दैव म्हणून वेगळे काही नाही, आधीच्या पुरुषार्थाचेच ते नाव. एवढे टोकाचे मत स्वीकारले नाही तरी निदान देखभाल-दुरुस्तीच्या वहीपुरते ते तंतोतंत खरे आहे.

गीतेच्या याच जागेत एक धोकाही आहे. सतराव्या श्लोकाचा आशय असा, की ज्याला कर्तेपणाचा अहंकार नाही आणि ज्याची बुद्धी लिप्त होत नाही, तो मारूनही मारत नाही. ज्ञान्याच्या अवस्थेचे हे वर्णन ठेकेदाराच्या हाती लागले तर अनर्थ होतो. जबाबदारी पाच ठिकाणी वाटली गेली म्हणजे ती कोणाचीच राहिली नाही, असा निष्कर्ष काढणे फार सोपे असते. त्याची वाट अडवणारी गोष्ट मात्र श्लोकातच आहे. अहंकार नसण्याची अट स्वतःपुरती लावायची असते. नफ्याच्या वेळी कर्ता म्हणून पुढे येणारा आणि मृत्यूच्या वेळी निमित्तमात्र होणारा मनुष्य त्या श्लोकात बसत नाही.

कोणी म्हटले यावर दैवाचा अर्थ किती बदलतो, ते महाभारताच्या अनुशासनपर्वाच्या पहिल्याच अध्यायात दिसते. गौतमी नावाच्या वृद्धेचा मुलगा साप चावून मरतो. अर्जुनक नावाचा व्याध साप पकडून आणतो आणि त्याला मारायची परवानगी मागतो. साप म्हणतो, मी परतंत्र आहे, मला मृत्यूने पाठवले. मृत्यू येऊन म्हणतो, मला काळाने पाठवले. काळ येऊन म्हणतो, आम्ही कोणीच दोषी नाही, मुलाच्या स्वतःच्या कर्मानेच तो मेला. अपघाताच्या चौकशीचे हे फार जुने आणि फार अस्वस्थ करणारे रूप आहे. प्रत्येक साक्षीदार वरच्याकडे बोट दाखवतो आणि सर्वांत वरचा खाली, मेलेल्याकडेच दाखवतो. गौतमी ते मान्य करते आणि सापाला सोडायला सांगते. तिच्या तोंडी ते शोभते, कारण गमावले तिने आहे आणि सुडाने मुलगा परत येणार नाही हे तिला कळले आहे. शिवाय ही कथा भीष्म सांगतो ती युद्धातल्या संहाराने पोळलेल्या युधिष्ठिराचे सांत्वन करायला. सांत्वनासाठी ती उत्तम आहे. पण तेच वाक्य सापाने आपल्या बचावाला वापरले की त्याचा अर्थ राहत नाही. आणि कथेत व्याध सापाचे ऐकून लगेच पटवून घेत नाही, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. साखळीतला दुवा असलास तरी तू कारण आहेसच, असा त्याचा हट्ट असतो. कथेत व्याध अडाणी ठरतो. कारखाना निरीक्षकाची बुद्धी मात्र त्याच्याजवळ आहे.

सप्टेंबर २०२० मध्ये भोसरीच्या इंद्रायणीनगरात रोहित्राचा स्फोट होऊन पाच महिन्यांच्या बाळासह एकाच कुटुंबातल्या तिघींचा मृत्यू झाला. डिसेंबर २०२३ मध्ये तळवड्यात वाढदिवसाच्या केकवरच्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्या बनवण्याच्या ठिकाणी आग लागून त्याच दिवशी सहा जणी गेल्या आणि पुढे मृतांचा आकडा वाढत गेला. पहिल्या घटनेत तर कामगारही नव्हते. घराशेजारी रोहित्र होते एवढेच. अशा वेळी मागे राहिलेल्या माणसाने ‘वेळ आली होती’ म्हणून दुःखाला कुठेतरी टेकू दिला, तर त्यात अंधश्रद्धा शोधणे निर्दयपणाचे आहे. टेकू देण्याचा हक्क त्याचा आहे. ज्याच्याकडे वहीची, देखभालीची, परवान्याची जबाबदारी होती त्याचा तो नाही. दैव हा शब्द एकच असतो, पण कोणी, कोणत्या जागेवरून आणि घटनेच्या आधी की नंतर उच्चारला, यावर तो श्रद्धा ठरतो की पळवाट.

बौद्ध परंपरेने हा प्रश्न अधिक सरळ हाताळला. संयुत्तनिकायातल्या सीवकसुत्तात सीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला विचारतो, की माणसाला जे सुखदुःख भोगावे लागते ते सगळे पूर्वकर्मामुळेच, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, त्याचे काय? बुद्ध आठ कारणे मोजतो: पित्त, कफ, वात, तिघांचा संयोग, ऋतुबदल, विषम वागणूक म्हणजे शरीराची हेळसांड, बाहेरून झालेला आघात आणि शेवटी कर्मविपाक. सगळेच पूर्वकर्मावर टाकणारे लोक स्वतःला दिसते आणि जगाला मान्य आहे त्याच्या पलीकडे धावतात, असे तो म्हणतो. बाहेरून झालेला आघात हे कर्माहून वेगळे कारण म्हणून नोंदवणारी ही यादी अडीच हजार वर्षे जुनी आहे. गीतेच्या पाचांप्रमाणे इथेही अदृष्ट शेवटी येते.

डॉ. आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पूर्वकर्माच्या सिद्धांतावर जो हल्ला चढवला त्याचे मर्म हेच आहे. गरिबाच्या हलाखीची जबाबदारी राज्यसंस्थेला आणि समाजाला टाळता यावी, याखेरीज या सिद्धांताचा काही उपयोग त्यांना दिसला नाही. हा आक्षेप ग्रंथालयात बसून सुचलेला नव्हता. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते, आणि त्या खात्याकडे कामगारांबरोबर वीजही होती. कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी कारखाना कायद्यातली दुरुस्ती त्यांच्या कारकिर्दीत पुढे सरकली. देशाच्या वीजनियोजनासाठी केंद्रीय तांत्रिक मंडळही त्याच काळातले. वीज आणि ती वाहून नेणारा माणूस हे दोन्ही विषय एकाच टेबलावर असणे पुढे फारसे घडले नाही. आज ऊर्जा खाते वेगळे आणि कामगार खाते वेगळे, आणि खांबावरचा कंत्राटी मुलगा दोघांच्या मधल्या फटीत.

कायद्याला दैव नवे नाही. इंग्रजी कायद्यात ‘ईश्वरी कृत्य’ हा मान्यताप्राप्त बचाव होता आणि अजून आहे. पूर, वीज, भूकंप यांनी केलेल्या नुकसानीची भरपाई माणसाकडून मागता येत नाही, हा त्याचा गाभा. १८६८ च्या रायलंड्स खटल्यात घातक वस्तू आपल्या जागेत साठवणाऱ्यावर चुकीवाचूनही दायित्व येते असे ठरले, पण ईश्वरी कृत्याचा अपवाद ठेवूनच. दिल्लीतल्या वायुगळतीनंतर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भारतापुरता तो अपवाद काढून टाकला: घातक उद्योग करणाऱ्याचे दायित्व निरपवाद. वीजमंडळांना हे थेट लागू झाले ते मध्य प्रदेश वीज मंडळाच्या २००२ च्या खटल्यात. रात्री सायकलवरून जाणारा माणूस रस्त्यावर पडलेल्या जिवंत तारेला लागून मेला होता. मंडळाचे म्हणणे होते की तिऱ्हाइताने चोरून वीज घेताना ती तार पडली. न्यायालयाने ते ऐकले नाही. इतकी घातक वस्तू जो पुरवतो त्याने ती निसटू न देण्याची तजवीज करावी, चूक कोणाची हा पुढचा प्रश्न, अशी ती भूमिका होती. कामगाराच्या बाबतीत १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याने ही वाट आधीच उघडली होती. त्यापूर्वी इंग्रजी न्यायालये असे धरत, की कामावर येताना माणसाने धोका पत्करलेलाच असतो. हे मत वाचताना वाटते, प्रारब्धवाद काही गंगेकाठीच जन्माला आला नाही.

भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, १९८७ मध्ये, कारखाना कायद्यात झालेली एक दुरुस्ती तत्त्वज्ञानाच्या अंगाने विशेष बोलकी आहे. कंपनी असेल तर तिच्या संचालकांपैकीच एकाला कारखान्याचा भोगवटादार मानायचे, कोणा पगारी व्यवस्थापकाला पुढे करून मोकळे व्हायचे नाही. उद्योगांनी ही तरतूद न्यायालयात लढवली आणि १९९६ मध्ये ते हरले. कारणे पाच असोत की पन्नास, पण उत्तर देणारा एक माणूस आधीच नेमून ठेवला पाहिजे, असे या तरतुदीचे सांगणे आहे. आणि तो साखळीत सर्वांत खाली असता कामा नये.

धर्माने या पट्ट्यात सुरक्षिततेच्या बाजूनेही काही दिले आहे, आणि ते बहुधा कोणी सुरक्षितता म्हणून मोजत नाही. खंडेनवमीला भोसरीच्या वर्कशॉपांत लेथ, प्रेस, कंप्रेसर धुऊनपुसून त्यांना झेंडूच्या माळा घालतात, हळदकुंकू लावतात, नारळ फोडतात. वीज कर्मचारी पक्कड, टेस्टर, झुला आणि शिडी पूजेला मांडतात. कित्येक लहान कारखान्यांत यंत्र पूर्ण थांबवून त्याचा कानाकोपरा साफ होण्याचा वर्षातला तेवढा एकच दिवस असतो. तुटलेले गार्ड, चिरलेली केबल, गळणारे तेल त्या दिवशी दिसते. आयुधाची पूजा म्हणजे आयुधाकडे नीट पाहणे, असे धरले तर या विधीइतकी चांगली तपासणी नाही. पण कित्येक ठिकाणी माळ घातली जाते ती तुटलेल्या गार्डवरच, आणि दुसऱ्या दिवशी ती काढून प्रेस पुन्हा तशीच चालू होते. तेव्हा पूजा हाच विमा होऊन बसतो. धर्म इथे दोन्ही बाजूंना वळू शकतो. त्याचे वळण ठरवतो तो कारखानदार, देव नव्हे.

विश्रांतीचे तसेच. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नाने. सत्यशोधक असलेल्या लोखंड्यांनी रविवार मागताना दिलेल्या कारणांत एक असे होते, की तो खंडोबाचा वार आहे. कष्टकऱ्याचा देव पुढे करून कष्टकऱ्याचा एक दिवस मिळवण्यात त्यांना विसंगती वाटली नाही, आणि तशी ती नाहीच. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक भागात साप्ताहिक सुटी बहुतेक गुरुवारी असते, कारण विजेच्या भारासाठी सुट्या वाटून दिल्या गेल्या. महावितरणची देखभालीची कामेही मग गुरुवारीच निघतात. म्हणजे कारखान्याचा कामगार ज्या दिवशी घरी असतो, तोच दिवस लाइनमनच्या सर्वांत जास्त जोखमीचा. त्याची विश्रांती कोणत्या वाराची, याचे उत्तर पाळीपत्रकावर असते आणि पावसाळ्यात तेही फाटते. थकवा हे चेष्टा या कारणाचे सर्वांत दुर्लक्षित अंग आहे. सलग दुसऱ्या पाळीत माणूस पायऱ्या विसरत नाही. त्या केल्या आहेत असे त्याला वाटू लागते.

जबाबदारी वाटून घेण्याचा आणखी एक प्रयोग महाराष्ट्रात झाला. १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झाले, आणि त्या सुमारास देशात पाच ग्रामीण वीज सहकारी संस्था प्रयोग म्हणून उभ्या राहिल्या. त्यांतली एक श्रीरामपूर-राहुरी भागातली मुळा-प्रवरा, दुसरी बेळगाव जिल्ह्यातल्या हुक्केरीची. मुळा-प्रवराचे क्षेत्र २०११ मध्ये महावितरणकडे गेले. हुक्केरीची संस्था टिकली. सहकारी वीजसंस्थेत ग्राहक हाच सभासद, म्हणजे मालक असतो. खांबावर चढणारा बहुधा त्याच गावचा, कधी मालकाचाच पुतण्या. तेव्हा मालक आणि मजूर यांतले अंतर मिटून सुरक्षितता आपोआप यावी, अशी अपेक्षा वाटते. राज्याच्या सहकार चळवळीने आपले ब्रीद देहूच्याच संताकडून घेतले, आणि परस्परसाहाय्याचा तो विचार खांबाखालच्या दोघांना जितका लागू पडतो तितका दुसऱ्या कोणाला क्वचितच: एकाने चढायचे आणि दुसऱ्याने खाली उभे राहून फक्त पाहायचे, हेच तर त्या कामाचे सूत्र. पण सहकाराची अडचण वेगळी असते. मालक हजारो असले की कर्ता सापडत नाही. सभासदाला स्वस्त वीज हवी असते, थकबाकीला मुदत हवी असते, आकडा टाकणाऱ्या शेजाऱ्यावर कारवाई नको असते. या सगळ्याचा खर्च रोहित्राच्या तेलातून, हातमोज्यांतून आणि माणसांच्या संख्येतून निघतो. कोणीही वाईट नसताना अधिष्ठान कुजत जाते. सार्वजनिक कंपनीत जबाबदारी वर निसटते, सहकारात ती आडवी पसरते. भोगवटादाराची तरतूद दोन्हीकडे सारखीच हवी.

शेवटचा प्रश्न मेलेल्याचा नसून ज्याच्या हातून घडले त्याचा आहे. वरचा माणूस खाली उतरला असे समजून उपकेंद्रात ज्याने वाहिनी चार्ज केली, त्याचे काय? कर्मचाऱ्यांच्या मानसिक आरोग्याची चर्चा ताणतणाव, योगासने आणि व्याख्याने यांच्यापाशी थांबते. या माणसापर्यंत ती पोचत नाही. धर्मशास्त्राने मात्र त्याचा विचार केला होता. म. म. पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात प्रायश्चित्ताचा विस्तृत विचार आहे. जाणूनबुजून आणि नकळत घडलेल्या पापांत स्मृतिकार फरक करतात, आणि पाप हलके करणाऱ्या उपायांत मनुस्मृती तप आणि अध्ययन यांच्या आधी नाव घेते ते ख्यापनाचे, म्हणजे केलेले उघड सांगण्याचे, आणि मग अनुतापाचे. स्मृतींतली जातवार प्रायश्चित्ते आज कोणी मानू नयेत. पण उघड सांगणे हा शुद्धीचा पहिला टप्पा, हा विचार विमानवाहतुकीसारख्या क्षेत्रांनी फार उशिरा शोधून काढलेल्या पद्धतीशी जुळतो: चूक स्वतःहून कळवणाऱ्याला शिक्षा नको, म्हणजे चूक कळते तरी.

वीजक्षेत्रात याच्या उलट घडते. मृत्यू झाला की भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमाखाली निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदला जातो, आणि तो बहुधा जवळच्या, म्हणजे खालच्याच माणसावर. निलंबन त्याच दिवशी होते. विद्युत निरीक्षकाचा अहवाल नंतर येतो. त्यामुळे मृत्यू न होता जे टळते, ते कोणी कळवतच नाही. रॉडविना चढून सुखरूप उतरलेला, बॅक फीडचा झटका बसून झुल्यामुळे वाचलेला माणूस चहाच्या टपरीवर ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती’ म्हणतो आणि विषय संपतो. अनुकूल दैवाची चौकशी करायची प्रथा नाही. वाचलेला माणूस मात्र बोलू शकतो: रॉड कुठे होता, परमिट कोणी दिले, तार का जिवंत होती, हे सगळे त्याला ठाऊक असते. ते लिहून देण्याची वही बहुतेक उपकेंद्रांत नाही, आणि असली तरी तिच्यात पहिले नाव आपले घालायला कोणी धजत नाही.